दहानंतर बारा

सोमवार, २ सप्टेंबर

आलो एकदाचे. दोन गाद्या, एक कपाट, सात खोकी, एक मी आणि एक ठमी. काही फुटलं नाही, काही हरवलं नाही, फक्त माझी कंबर तेवढी कामातून गेली. ट्रकवाला निघताना म्हणाला, बाईमाणूस नाही घरात, सामान लावायला महिना लागेल. मी म्हटलं, पैज लाव. तो हसत गेला आणि मी गादीवर आडवा झालो, म्हणजे पैज तोच जिंकणार.

खोल्या दोन, दुकानाच्या बरोबर वर. नळ सोडला की आधी खाकरतो, मग पाणी देतो. खिडकीतून समोरच्या इमारतीची पिवळी भिंत आणि आभाळाची एक पट्टी दिसते. नोकरी खाली, घर वर, मधे अठरा पायऱ्या. ठमीच्या हिशोबाने एकोणीस, कारण ती अकरा मोजत नाही. दहानंतर थेट बारा. सात वर्षांची घोडी झाली, शाळेत बाईंनी समजावलं, तिच्या आईने हात टेकले, पण नाही म्हणजे नाही. अकरा म्हणजे दोन काड्या नुसत्या उभ्या, त्यांना कोणी बसायला सांगत नाही, म्हणून तिला त्या आवडत नाहीत.

आज तिने पायऱ्या सहा वेळा मोजल्या. घाबरली की ती मोजते. पण आज घाबरलेली नव्हती, हुंदडत होती. तिचा एका कानाचा ससा, ज्याचं नाव साहेब आहे, त्यालाही मोजायला लावलं.

बायकोचा लॅपटॉप मी स्वतः मांडीवर घेऊन आलो. तो कपाटात वरच्या फळीवर ठेवला. बाकी सगळं उद्या.

मंगळवार, ३ सप्टेंबर

कामाचा पहिला दिवस झकास गेला. दुकानाच्या मालकीणबाई साठीच्या. सगळे काकू म्हणतात, मीही म्हणतो. नवऱ्याचं घड्याळाचं दुकान होतं, तो गेल्यावर घड्याळं संपली आणि लॅपटॉप आले. डोळ्याला भिंग अजून तेच लावतात. हात असा स्थिर की मला लाज वाटली.

त्यांचे दोन नियम आहेत आणि ते त्यांनी मला शाळेतल्या मुलासारखे पाठ करायला लावले. एक, स्क्रीनवर काय आलंय ते वाचल्याशिवाय ‘हो’ दाबायचं नाही. दोन, दुरुस्त झालेलं मशीन पहिल्यांदा सुरू करायचं ते ज्याचं त्याने, स्वतःच्या बोटाने. आपण बाजूला उभं राहायचं. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको, तुम्ही काय करून ठेवलंत. मी मान डोलावली. पंधरा वर्षं स्क्रू फिरवतोय, मला काय शिकवता, असं मनात म्हटलं, हे कबूल करतो.

संध्याकाळी ठमी म्हणाली, आईचं लाव.

बायको जाऊन चौदा महिने झाले. शेवटच्या सहा महिन्यांत तिने लॅपटॉपवर दोनशे बारा छोटी बोलणी ठमीसाठी रेकॉर्ड करून ठेवली. दात पडला तर काय करायचं, वेणी कशी घालायची, कोणी चिडवलं तर काय उत्तर द्यायचं, दोन-चार गोष्टी आणि पुष्कळशी रागावणी. ठमी रोज झोपण्याआधी एक ऐकते, बहुतेकदा तेच तेच. ते ऐकल्याशिवाय डोळा लागत नाही तिचा.

लॅपटॉप सुरू झाला नाही. पंखा फिरला, थांबला, स्क्रीन काळी.

का ते मला माहीत आहे. काल निघायच्या वेळी ठमीने एक ऐकलं, मी मशीन बंद करायला गेलो तर ते अपडेट करत बसलं. खाली ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. याची बॅटरी फुगली म्हणून मीच मागे काढून टाकलेली, त्यामुळे चालतं ते नुसत्या चार्जरवर. सदतीस टक्के दिसत होते. मी वायर ओढली.

दिवसभर लोकांवर डाफरतो मी, अपडेट चालू असताना वायर काढू नका, काढू नका. दुसरी प्रत ठेवा म्हणून बोंबलतो. आणि माझ्या घरात दुसरी प्रत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ठमीला सांगितलं, मशीनला सर्दी झाली आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

सगळं करून पाहिलं. मेमरी काढून पुसून बसवली. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर ती आहे पण कुलूपबंद. बायकोने बोटाच्या ठशाचं कुलूप घातलेलं, ते त्याच मशीनवर उघडतं. मी आधीच सगळं ऐकून रडत बसेन म्हणून घातलं होतं, तसं तिने मला सांगितलंही होतं. ओळखून होती मला.

ठमी दोन रात्री झोपलेली नाही. मोजत बसते, शंभरापर्यंत जाते आणि परत एकपासून. आज तिने विचारलं की सर्दीने आवाज जातो ना, मग आईचा परत येईल ना. मी हो म्हटलं.

काकूंना दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, काढलं, आणि म्हणाल्या की अर्धवट सोडलेलं काम न केलेल्या कामापेक्षा वाईट. ते मलाही ठाऊक आहे, काकू. उपाय सांगा.

रविवार, ८ सप्टेंबर

सुरू झालं! चार्जर काढून बटण मनात तीस मोजेपर्यंत दाबून धरलं, उरलीसुरली वीज निघू दिली, मग चार्जर लावला. आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना उपाय. आठ वेळा फसला, नवव्यांदा स्क्रीन उजळली. बायकोने मशीनची भाषा मराठी करून ठेवलेली. अक्षरं आली: अपडेट अपूर्ण आहे. पुढे चालू करण्यासाठी मालकाने बोट ठेवावं.

मालक कुठून आणू? मग डोक्यात उजेड पडला, बायकोने ठमीच्या डाव्या अंगठ्याचाही ठसा घालून ठेवलाय, बोलणी रोज त्यानेच तर उघडतात. काकूंचा नियमही तेच सांगतो, ज्याचं मशीन त्याचं बोट. आईचं ते लेकीचं. ठमीला हाक मारली. ती साहेबाला काखेत मारून आली, जीभ बाहेर काढून अंगठा टेकवला.

अडतीस टक्के झाले. मी तिला उचलून गरागरा फिरवलं.

मधे काहीतरी आलं, जागा अपुरी आहे, जागा करू का, आणि खाली बारीक अक्षरात बरंच काही. ठमी माझ्या गळ्यात लटकलेली. मी ‘हो’ दाबलं.

सोमवार, ९ सप्टेंबर

शेहेचाळीस टक्के. कासवाच्या गतीने चाललंय पण चाललंय. अपडेट चालू असतानाच बोलण्यांचा फोल्डर उघडला, तोही ठमीच्याच अंगठ्याने. काल रात्री तिने एक ऐकलं आणि डाराडूर झोपली.

आज शाळेतून बाईंची चिठ्ठी आली. डावखुरेपणा कमी होतोय, आज आपणहून उजव्या हाताने लिहिलं, अक्षर सुंदर. मी चिठ्ठी कपाटावर चिकटवली. मग दुकानातून वर आलो तर ठमी कमरेवर हात ठेवून उभी, आधी हात धुवायचे, मग चहा. अगदी आईवर गेली आहे.

बुधवार, ११ सप्टेंबर

अठ्ठावन्न. एक विचित्र गोष्ट. फोल्डरमध्ये दोनशे बारा बोलणी होती, आज एकशे बावन्न उरली. मशीन गिळतंय की काय? बंद करता येत नाही, पुन्हा तीच चूक होईल.

ठमीने आज शेजारच्या पोराला दारात उत्तर दिलं, चिडवणाऱ्याला वाटतं आपण मोठे, पण त्याला मोठं करतो तो आपण चिडल्यामुळे. वाक्य बायकोचं. मी चकित झालो, कारण ते बोलणं आम्ही अजून लावलेलंच नव्हतं. यादीत शोधलं, तर ते नाहीसं झालेलं.

साहेब बाहेर जिन्यात पडला होता. आणून दिला. तिने उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, हा कोणाचा ससा?

शुक्रवार, १३ सप्टेंबर

हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

संध्याकाळी चष्मा शोधत होतो. ठमी भाजी निवडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, “ढिल्या, कपाळावर आहे.”

ढिल्या. स्क्रू ढिला म्हणून ढिल्या. हे नाव बायकोने ठेवलेलं, दार लावल्यावरच ती ते घ्यायची, माझ्या आईलासुद्धा माहीत नव्हतं. ठमीला तर नाहीच नाही. ती मला बाबू म्हणते, बाबा तिच्या तोंडात कधी बसलं नाही.

मी खाली बसलो. कपाटाची जादा किल्ली कुठे ठेवली होतीस, असं विचारलं. निळ्या स्वेटरच्या खिशात, म्हणाली. चौदा महिने शोधली होती मी ती. खोकं उघडलं, स्वेटर, खिसा, किल्ली.

मग मी बोलत राहिलो. नोकरीचं सांगितलं, काकूंचं सांगितलं, तुझ्या मागे काय काय झालं ते सांगितलं. ती ऐकत होती, मधूनच माझी फिरकी घेत होती. चहा दोनदा झाला. रडलो. आणि खोटं कशाला लिहू, मी सुखात होतो. एक संध्याकाळ मी इतका सुखात होतो की लेक कुठे आहे हा प्रश्न माझ्या मनात आला नाही.

नंतर ती कचरा टाकून वर येत होती. मोजत होती. पायऱ्या अठरा भरल्या.

रविवार, १५ सप्टेंबर

चौऱ्याहत्तर.

फोल्डरशेजारी दुसरा फोल्डर दिसला. नाव ‘केलेली जागा’. मी तो तयार केलेला नाही. उघडला.

डावा हात.
साहेब.
लिफ्टची भीती.
झोपेत दात खाणं.
पडलेल्या दाताची डबी.
अकरा नको असणं.

खाली आणखी खूप. एकेक ओळ माझ्या पोरीची. मी ‘परत आणा’ दाबतोय, बटण दाबलं जात नाही. रद्द करण्याचं बटणही फिकट झालंय. मी ‘हो’ दाबलं होतं. न वाचता दाबलं होतं.

वायर उपटायला हात घातला आणि घाईत पिन जरा हलली. क्षणभरच. स्क्रीन मंद झाली आणि ठमी दारातून आत येत होती ती जिथल्या तिथे थांबली. एक पाय उचललेला. डोळे उघडे. श्वासही नाही. मी पिन दाबली, तेव्हा तो पाय खाली टेकला.

स्क्रीनवर आलं आहे: वायर काढू नये. काढल्यास वापरकर्ता सुरू होणार नाही.

वापरकर्ता. मशीन नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर

त्र्याऐंशी. दुकानात गेलो नाही. पिनेला चिकटपट्टी लावली आहे. बोर्डापाशी बसून आहे. दिवे जरा लुकलुकले की पिन दोन्ही हातांनी दाबून धरतो.

काकू वर आल्या. सगळं सांगितलं. वेडा म्हणतील वाटलं होतं. त्या ठमीपुढे वाकल्या, भिंग लावून तिच्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं. भिंग काढलं तर हात थरथरत होता. त्यांचा हात.

म्हणाल्या, पूर्ण झालं तर पोर जाईल. मधे तोडलं तर कधी मशीन मागे जातं, होतं तसं होतं. कधी कायमचं काळं पडतं. मी विचारलं, तुमच्या अनुभवात किती वेळा मागे जातं? निम्म्या वेळा, म्हणाल्या. नियम तोच. तीस मोजेपर्यंत बटण, मग चार्जर, मग ज्याचं त्याचं बोट.

निम्म्या वेळा. लॅपटॉप असता तर मी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं, करून बघू.

बोलणी उरली छत्तीस.

मंगळवार, १७ सप्टेंबर

एक्याण्णव. हात उठत नाही. दहा वेळा पिन धरली आणि सोडली.

तिला तिच्या शाळेचं नाव विचारलं. बायकोच्या शाळेचं सांगितलं. माझं वय विचारलं, बरोबर सांगितलं. तिचं विचारलं, चौतीस म्हणाली. सात वर्षांच्या तोंडाने.

बाबू म्हण एकदा, म्हटलं. गयावया केली. तिचा चेहरा पडला. आपले हात पाहिले तिने. इवलेसे हात. उलटे केले, सुलटे केले. मग तिला कळलं. माझ्या आधी सगळं तिलाच कळायचं.

“ढिल्या, ठमी कुठंय? मला आत सापडत नाहीये.”

मी सांगितलं. वायर, ट्रक, अंगठा, ‘हो’. ती रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मला तू पण हवी आहेस. लिहितोय ते खरं लिहितोय, मी असं म्हटलं. माझ्या पोरीच्या तोंडाकडे बघून म्हटलं.

“एकदा गेलेय मी,” ती म्हणाली. “मला जमतं. तू वायर काढ.”

बुधवार, १८ सप्टेंबर, सकाळ

शहाण्णव. काढली नाही अजून. काळं पडलं तर? दोघी गेल्या तर मी—

ती मघाशी साहेबाला घेऊन आली. त्याचा उसवलेला एकुलता कान शिवत होती. ठमीला दे म्हणाली.

सत्त्याण्णव. एकच बोलणं उरलंय. शेवटचं. ठमीला अकरा शिकवतानाचं. ते गेलं की ठमी कायमची—

बुधवार, दुपार

अठ्ठ्याण्णव. तीच म्हणाली, आता. खुर्चीत बसली, पाय जमिनीला पोचत नाहीत. साहेब मांडीवर. डावा अंगठा स्वतःच मशीनपाशी आणून ठेवला. म्हणाली, तिची वेणी घट्ट घालत जा, सैल घालतोस, शाळेत सुटते. मग म्हणाली, तीन म्हणायच्या आत काढ, नाहीतर तू काढणार नाहीस.

एक.

काढली.

डोळे उघडे आहेत. हलत नाही. बटण दाबून धरलंय. तीस मोजायचे आहेत आणि मला मोजता येत नाही, मी कुठेतरी चुकतोय, पुन्हा एकपासून—

तीस झाले. चार्जर लावला. पंखा नाही.

पंखा नाही.

पुन्हा तीस.

पुन्हा. साहेब मांडीवरून पडला. ठमे, उठ. बाबू बोलतोय. उठ गं. तुला पाहिजे तसं मोज, जन्मभर तसंच मोज—

पंखा फिरला. स्क्रीन उजळली. बदल मागे घेत आहोत, असं आलंय. की मागे घेता आले नाहीत? डोळ्यात पाणी आहे, वाचता येत नाही. नीट वाचतो. बोट ठेवा म्हणतंय. डाव्या हाताने तिचा अंगठा दाबून धरलाय, उजव्याने हे लिहितोय. लिहिणं थांबवलं तर ओरडेन.

श्वास. घेतला. घेतला तिने.

डोळे माझ्याकडे नाहीत. ओठ हलतायत. पुटपुटतेय. मोजतेय. दोघीही मोजतात, कोण आहे ते कसं—

चार. पाच. सहा.

बारा म्हणायला ओठ मिटावे लागतात. अकराला उघडतात. मी बघतोय.

आठ. नऊ.

दहा.

थांबली. थांबली आहे. तिचे ओठ—